भावंडांचा रोडमूव्ही: गाडी खरंच चालवायची की पडद्यापुढे उभी करायची?

कमी बजेटचा सिनेमा, दोन-तीन भावंडं, एक गाडी आणि लांबचा रस्ता. असं स्क्रिप्ट हातात असेल तर कास्टिंग आणि लोकेशनच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: गाडीतले सीन शूट कसे करायचे? निम्म्याहून अधिक सिनेमा दोन सीटांच्या मध्ये घडणार असतो. तिथे बिनसलं तर बाहेरचे डोंगर आणि सूर्यास्त कितीही देखणे असोत, काही उपयोग नाही.

ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक, नटाच्याच हातात स्टिअरिंग देऊन खऱ्या रस्त्यावर शूट करायचं. दोन, गाडी स्टुडिओत उभी करायची आणि बाहेरचं जग आत आणायचं, मग ते एलईडी वॉलवर, म्हणजे दिव्यांच्या भल्यामोठ्या पडद्यावर दाखवलेलं असो, क्रोमा म्हणजे हिरवं कापड लावून नंतर भरलेलं असो किंवा नुसता अंधार आणि फिरते दिवे असोत. मधला एक मार्ग आहे, गाडी लो-लोडरवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर चढवून ओढत न्यायची. त्याकडे नंतर येतो. माझ्या सिनेमात मोठी बहीण गाडी चालवते आणि धाकटा भाऊ शेजारी बसतो. त्यासाठी मी दोन्ही प्रकारे शूट केलं आणि शेवटी एका बाजूला झुकलो. तुमची गोष्ट वेगळी असेल तर कदाचित उलट निर्णय बरोबर ठरेल. लेन्स, सेन्सर, कॅमेरा बसवायची रिग यांच्या तपशिलात मी शिरत नाही, ते तुमचा डीओपी, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शक, माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

पडद्याची बाजू

पडद्याला नावं ठेवायची फॅशन आहे, पण त्याचे फायदे खरे आहेत. गाडीमागे पडदा लावून प्रवास दाखवणं हॉलिवूडने कित्येक दशकं केलं. 2019 मध्ये आलेल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेनंतर मोठ्या एलईडी वॉलचा बोलबाला झाला, पण मूळ कल्पना जुनीच. नव्या वॉलची खरी कमाई म्हणजे काचेवरची आणि चेहऱ्यावरची प्रतिबिंबं. बाहेरचं झाड सरकतं तशी त्याची सावली गालावरून सरकते. क्रोमामध्ये हे सगळं नंतर हाताने करावं लागतं, आणि शिवाय काचेवर, केसांच्या कडांवर आलेला हिरवा रंग काढत बसावं लागतं. त्यामुळे पडदाच घ्यायचा असेल तर छोट्या सिनेमाने क्रोमाच्या नादी न लागलेलं बरं, असं मला वाटतं.

शिवाय संध्याकाळचा उजेड दिवसभर मिळतो. टेक बिघडला तर लगेच दुसरा. दिग्दर्शक नटांच्या हाताच्या अंतरावर बसून त्यांच्याशी बोलू शकतो. आवाज स्वच्छ येतो, डबिंगचा खर्च वाचतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणाचा जीव धोक्यात नसतो. हा शेवटचा मुद्दा मी ओळीच्या शेवटी लिहिला असला तरी तुमच्या यादीत तो पहिला असावा.

रात्रीच्या सीनसाठी तर उभ्या गाडीसारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. अंधारी जागा, काळे पडदे, एक लाइटमन हातात दिवा घेऊन गाडीच्या पुढून मागे चालतो, दुसरा डहाळी धरून सावली हलवतो आणि एक असिस्टंट बंपरखाली फळी घालून अधूनमधून हलका धक्का देतो. बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल असा प्रकार, पण मॉनिटरवर रस्ता दिसतो. धक्का मात्र तालात देऊ नये. खड्डे तालात येत नाहीत.

पडद्याचा छुपा खर्च प्लेटमध्ये, म्हणजे मागे लावायच्या रस्त्याच्या चित्रीकरणात आहे. मागे दिसणारा रस्ता कुणीतरी आधी जाऊन शूट करावाच लागतो: समोरचा, दोन्ही बाजूंचा, मागचा, तोही गाडीच्या खिडकीच्या उंचीवरून. म्हणजे रस्त्यावर जाणं टळत नाही, नटांशिवाय जाणं होतं एवढंच. त्याहून अडचणीचं हे की गाडीचा वेग, वळण कधी येणार, बोगदा कधी येणार हे नटांनी एक शब्द उच्चारण्याआधी ठरून गेलेलं असतं. सीन रंगला आणि लांबला की प्लेट संपते. मग ती पुन्हा सुरुवातीपासून लावली जाते आणि तेच झाड दोनदा मागे जातं. प्रेक्षकाला हे कळत नाही असं म्हणतात. मला कळतं, आणि एकदा दिसलं की मग दुसरं काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याचा फोकस वॉलवर गेला की तिथे जाळीदार पट्टे उमटतात ती तक्रार निराळी. डीओपीला वॉलपासून अंतर राखूनच काम करावं लागतं.

वॉल दिवसाच्या भाड्याने मिळते. म्हणून प्रॉडक्शनवाले गाडीतले सगळे सीन एकापाठोपाठ उरकायला लावतात: निघतानाचा उत्साह सकाळी, भांडण जेवणाच्या आधी, समेट जेवणानंतर. नट कसलेले असतील तर निभावतात. पण प्रवासाने अंगात मुरलेला थकवा मेकअपच्या डब्यातून येत नाही. डेव्हिड लिंचने 1999 च्या ‘द स्ट्रेट स्टोरी’मध्ये दुरावलेल्या भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून निघालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. ही खरी घडलेली गोष्ट आहे, 1994 मधली. आयोवापासून विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे 390 किलोमीटर. लिंचने त्या माणसाच्याच मार्गाने, प्रवासाच्याच क्रमाने शूट केलं. छोट्या युनिटला हे परवडू शकतं, कारण छोटं युनिट असंही गाडीत मावतं.

रस्त्याची बाजू, म्हणजे रस्त्याचा त्रास

रस्ता छान वाटतो तो कागदावर. प्रत्यक्षात अर्धा दिवस परतीत जातो. गाडी एका दिशेने जात असताना ऊन बहिणीच्या गालावर असतं. यू-टर्न मारला की ते भावाच्या गालावर येतं. म्हणून टेक एकाच दिशेने घ्यायचे, संपला की रिकामं परत यायचं, पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या दिशेचे सीन दुपारनंतर ठेवायचे, असं वेळापत्रक आखता येतं. ढग मात्र वेळापत्रक वाचत नाहीत.

एसी बंद, काचा वर. आवाजासाठी दुसरा इलाज नाही. लेपल माइक कपड्यांत, एखादा सन-वायझरच्या मागे लपवलेला, रेकॉर्डिस्ट डिकीत अंग चोरून बसलेला. उकाड्याने नटांच्या कपाळावर घाम येतो. तो प्रवासाच्या गोष्टीत चालतो म्हणा, पण दर टेकला वेगळ्या जागी येतो. विंडस्क्रीनवर चिरडलेला किडा हा कंटिन्युइटीचा, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळवण्याचा, एक स्वतंत्र अध्याय आहे. पुसायचा की ठेवायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

दिग्दर्शकाची जागा हा तर विनोदच. मागच्या सीटखाली आडवं पडायचं किंवा मागून येणाऱ्या गाडीत मॉनिटर धरून बसायचं. त्या मॉनिटरचं चित्र नेमकं महत्त्वाच्या वाक्याला फाटतं. टेक बघायला मिळत नाही, ऐकायला मिळतो. मला शेवटी ते ऐकणं उपयोगी पडलं, पण ज्याला प्रत्येक फ्रेम डोळ्यांनी तपासायची सवय आहे त्याचा जीव कासावीस होईल.

आणि आरसा. मागच्या सीटवर तिसरं भावंड असेल तर गाडी चालवणारा आणि मागे बसलेला यांची नजरानजर आरशात व्हावी असं कुठल्याही दिग्दर्शकाला वाटणारच. पण आरसा कॅमेऱ्यासाठी वळवला की चालवणाऱ्याला मागचं दिसेनासं होतं. आम्ही खाली एक छोटा जादा आरसा चिकटवला. फ्रेममध्ये येणार नाही अशी त्याची जागा शोधण्यात बराच वेळ गेला.

एक मर्यादा तर सोडवता येतच नाही. विंडस्क्रीनमधून समोरून दोघांना एकत्र दाखवणारी फ्रेम हवी असेल तर बॉनेटवर कॅमेरा लागतो, आणि तो चालवणाऱ्याची नजर अडवतो. नट स्वतः चालवत असेल तर ही फ्रेम विसरायची. डॅशबोर्डवर, नजरेच्या रेषेखाली बसतील असे लहान कॅमेरे किंवा खिडकीच्या बाजूने प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारा चेहरा, एवढंच हातात उरतं. प्रोफाइलमध्ये जवळचा चेहरा धूसर आणि लांबचा स्पष्ट, किंवा उलट. दोघं एकाच वेळी क्वचितच स्पष्ट दिसतात.

इतकं सगळं वाचून कुणीही शहाणा माणूस वॉल बुक करेल. मीही केली होती.

नजरेची कटकट

उभ्या गाडीत नट एकमेकांकडे बघतात.

ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय यावरच झाला. चालवणाऱ्याला खऱ्या रस्त्यावर शेजाऱ्याकडे क्षणभरच बघता येतं, नजर लगेच समोर जाते. स्टुडिओत अशी काही सक्ती नसते. समोर दिवा आहे, भिंत आहे, शेजारी आपला सहकलाकार डोळ्यांत पाणी आणून उभं-आडवं काळीज काढून दाखवतोय. चांगला नट त्याच्याकडे बघणारच, त्याचं शिक्षणच तसं झालेलं असतं. आणि प्रेक्षकांमध्ये ज्यांना ड्रायव्हिंग येतं ते मनातल्या मनात ओरडतात, ‘अगं, समोर बघ!’ बहीण आईबद्दल काहीतरी मोलाचं सांगत असते आणि प्रेक्षक ब्रेक दाबत असतो.

मग तुम्ही नटीला सांगता, रस्त्याकडे बघ. ती बघते. पण तिथे रस्ता नाही, म्हणून ती समोर बघण्याचा अभिनय करते. पापणी स्थिर, मान ताठ, हात स्टिअरिंगवर उगाच डावी-उजवीकडे, आणि मागच्या प्लेटवर रस्ता सरळसोट. हात कमी हलव म्हटलं की हात मेल्यासारखे पडून राहतात. या सूचना देण्यात आमचा इतका वेळ गेला की सीनबद्दल बोलायचं राहूनच जायला लागलं.

इतर कुठल्या सिनेमात हे कदाचित चालून जाईल. प्रेमिकांच्या गोष्टीत तर हवंच असेल. पण सख्खी भावंडं, निदान मी पाहिलेली, कठीण गोष्ट एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. भांडी घासताना, कपाट आवरताना, गाडी चालवताना बोलतात. हाताला दुसरं काम आणि नजरेला दुसरी जागा असली की तोंड उघडतं. भावंडांना गाडीत घालण्याचं कारणच हे आहे. शेजारी बसायचं, एकाच दिशेला बघायचं, निघून जाता येत नाही. पडद्यापुढे नेमकं तेच कारण निकामी होतं.

माझ्या सिनेमातलं एक वाक्य सांगतो. आईच्या शेवटच्या आजारपणात भाऊ आला नव्हता. बहीण म्हणते, ‘त्या रात्री तू असतास तर मला झोपता आलं असतं.’ स्टुडिओत ती त्याच्याकडे वळली, थांबली, वाक्य बोलली. टेक सगळ्यांना आवडला, लाइटमनसुद्धा गप्प झाले. एडिटला लावल्यावर मात्र तो आरोप वाटला, कोर्टात करावा तसा. रस्त्यावर तेच वाक्य चालू असताना मागून एक ट्रक आला. ‘त्या रात्री तू’ इथे ती थांबली, आरशात बघितलं, गाडी जरा कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला, अंगठ्याने इंडिकेटर बंद केला, आणि मग, पाण्याची बाटली मागावी त्या आवाजात, ‘असतास तर मला झोपता आलं असतं.’ नजर समोरच. भावाला उत्तर द्यायला नजरही मिळाली नाही. त्याने समोरचा कप्पा उघडला, आत काहीच शोधायचं नव्हतं, बंद केला. हे लिहिलेलं नव्हतं आणि लिहिताही आलं नसतं.

शांततेचंही तसंच. उभ्या गाडीत पॉझ टिकत नाही. बाहेर काही घडत नसतं, त्यामुळे नटाला वाटतं आपण वाक्य विसरलो, आणि पुढचं वाक्य वेळेआधी येतं. चालत्या गाडीत गप्प बसलेला माणूससुद्धा काहीतरी करत असतो: गिअर बदलतो, वेग कमी करतो, पाटी वाचतो. तीच दोन पानं रस्त्यावर जास्त वेळ चालली आणि तरी लांबलेली वाटली नाहीत. मी घड्याळ लावलेलं नाही, पण माझ्या एडिटरने ते माझ्याआधी हेरलं.

मग लो-लोडर का नाही?

बजेट थोडं सैल असेल तर सगळे हाच सल्ला देतात. खरा रस्ता, खरा उजेड, बॉनेटवर कॅमेरा, आणि नटाला चालवण्याची काळजी नाही. स्टीव्हन नाइटचा 2013 चा ‘लॉक’ असाच झाला: टॉम हार्डी लो-लोडरवरच्या गाडीत, बाकीचे नट एका हॉटेलच्या खोलीतून त्याला फोन करत होते, आणि रात्री सलग आख्खा सिनेमा खेळला जायचा. अभिनयाचा नमुना म्हणून तो जरूर बघा. पण एक लक्षात घ्या, हार्डी गाडीत एकटा आहे. शेजारी बघायला कुणी नाहीच, म्हणून नजर रस्त्यावर राहते. त्या शेजारच्या सीटवर भाऊ बसवला की लो-लोडरवरही स्टुडिओचीच कटकट सुरू होते. नटी चालवत नाही, त्यामुळे बघायला मोकळी असते. शिवाय परवानग्या, पुढे-मागे गाड्या, वळायला लागणारी मोठी जागा हे सगळं वर. माझ्या मते भावंडांच्या सिनेमाला लो-लोडर हा दोन्हीकडचा खर्च आणि एकाच बाजूचा फायदा आहे. समोरून दोघांची फ्रेम हवीच असेल तर मात्र एखादा दिवस घ्या.

रेल्वेचं वेगळं. वेस अँडरसनने 2007 च्या ‘द दार्जिलिंग लिमिटेड’मध्ये तीन भावांचे डब्यातले प्रसंग राजस्थानात खऱ्या चालत्या रेल्वेगाडीत घेतले. तिथे कुणी चालवत नसतं, त्यामुळे नजरेचा प्रश्नच नाही. पण अंगाला बसणारे हेलकावे खरे येतात.

मला वाट दाखवली ती इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तमीच्या 2002 च्या ‘टेन’ने. डॅशबोर्डवर दोन डिजिटल कॅमेरे, एक चालवणाऱ्या बाईकडे, एक शेजारच्या सीटकडे. पहिल्या प्रसंगात बराच वेळ फक्त मुलगा दिसतो, आईचा नुसता आवाज. चेहरा न दाखवताही आई पूर्ण उभी राहते. दोन चेहरे एकाच फ्रेममध्ये हवेत हा हट्ट मी तिथेच सोडला, आणि वर सांगितलेली प्रोफाइलची अडचण मला अडचण वाटेनाशी झाली.

नट चालवणार असेल तर

रस्ता निवडलात तर काही गोष्टींवर तडजोड नको. जड वाक्यं शेजारच्याला द्या, चालवणाऱ्याला हलकी. रडण्याचा सीन चालवणाऱ्याकडे असेल तर गाडी कडेला लावूनच घ्या. खऱ्या आयुष्यातही माणसं तेच करतात. पाठांतर उभ्या गाडीत इतकं घोटून घ्या की रस्त्यावर आठवावं लागू नये. वर्दळ नसलेला, परवानगी घेतलेला टप्पा, पुढे एक आणि मागे एक आपली गाडी, वेग कमी. बाहेर लावलेल्या प्रत्येक रिगला सेफ्टी केबल. आणि नटाला गाडी चालवायला खरंच आवडतं का हे कास्टिंगच्या वेळीच विचारा, ‘येते’ एवढ्यावर समाधान मानू नका. ज्याला स्टिअरिंगची भीती आहे त्याच्या चेहऱ्यावर फक्त स्टिअरिंगची भीती दिसते.

पडदा मी सोडलेला नाही. माझे रात्रीचे सगळे सीन उभ्या गाडीतले आहेत. अंधारात समोर बघण्याला पर्याय नसतो आणि खोट्या रस्त्याची चोरी पकडली जात नाही. ज्यांच्या गोष्टीत लहान मुलं आहेत, चालवणारं पात्र म्हातारं आहे, टाळीला टाळी देणारे विनोदी संवाद आहेत किंवा अपघात आहे, त्यांनी पडद्याचाच विचार करावा. पण दिवसा, दोन मोठी झालेली भावंडं आणि बरीच वर्षं न बोललेली एखादी गोष्ट, असा मामला असेल तर रस्त्याचे हाल सोसण्यासारखे आहेत असं माझं मत.

अजून ठरत नसेल तर पैसे खर्च करण्याआधी एक करून बघा. दोन्ही नटांना घ्या, डॅशबोर्डवर एक फोन घट्ट बसवा आणि एकच सीन आधी उभ्या गाडीत, मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवत घ्या. दोन्ही टेक आवाज बंद करून बघा. कोण कुणाकडे किती वेळ बघतंय एवढंच पाहा. फरक जाणवला नाही तर वॉल बुक करा, उकाडा तरी वाचेल.